मुक्या अज्जी आणि माझा गुलाबी कागद

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला अजूनही बायका मला कोपऱ्यात घेऊन गुडघे दाखवतात. मी बेंगळुरूत हेब्बाळच्या एका बालविकास केंद्रात एकवीस वर्षं टेबलामागे बसले, एवढंच. आधी नावं लिहून घ्यायला ठेवलं होतं. मी निपाणीची, म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही माहेरच्याच, हिंदी सिनेमे बघून आली आणि इंग्रजी जेवढी येते तेवढी न लाजता फेकते. एवढ्या भांडवलावर आमच्या डॉक्टर मॅडमनी दोन वर्षांत मला नावांवरून उठवलं आणि पालकांना समजावून सांगायच्या टेबलावर बसवलं. पगार स्वल्प वाढला, बडबड मात्र चौपट झाली.

काम काय, ते सांगते. मूल दोन-तीन वर्षांचं असतं. हाक मारली तर वळत नाही, बोलत नाही, नाहीतर पंख्याकडे तासभर बघत बसतं. आत मॅडम तपासतात आणि शांतपणे सांगतात की हा ऑटिझम आहे. आईबाप बाहेर येतात तेव्हा त्यांच्या हातात एक कागद असतो. त्यावर स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पेशल एज्युकेटर अशी नावं असतात, आणि आत काय ऐकलं त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलेलं नसतं. ते माझ्यासमोर बसतात. मी आधी पाणी देते. मग सांगते, की स्पीच थेरपी म्हणजे नुसतं तोंडाने बोलणं नव्हे. बोटाने दाखवणं, चित्र उचलून हातात देणं, खुणा करणं, हेही सांगणंच. ऑक्युपेशनल थेरपी दिसायला झोपाळा, उड्या आणि मळलेली कणीक, पण त्यातून मुलाला आवाज, स्पर्श, गर्दी झेपायला लागते आणि शर्टाचं बटण स्वतःचं स्वतः लागतं. आणि खरं काम घरच्यांचं. आमच्याकडे पोर आठवड्यातून तीन तास येतं, बाकी सगळा वेळ ते तुमच्याकडेच असतं. “बरा कधी होणार?” हा प्रश्न येतोच. ताप उतरतो तसं हे उतरत नाही, पण मूल शिकतं, पुष्कळ शिकतं, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही बोलते असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे.

माणसं तरी काय एकेक! बेळ्ळंदूरहून एक बाबा आले, मूळचे पुण्याचे. बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला. जगातल्या सगळ्या थेरप्या एका तक्त्यात, प्रत्येकीला दहापैकी मार्क. “मॅम, टॉप थ्री घेऊन टाकतो. टाइमलाइन किती धरू? दोन क्वार्टर?” मी विचारलं, “ते बघू हो. मुलाला आवडतं काय?” झालं! गृहस्थ तक्ता वर-खाली करायला लागले. तिथे तो रकानाच नव्हता. बायको इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, “वॉशिंग मशीन.” मग आम्ही वॉशिंग मशीनचं चित्र असलेलं कार्ड बनवलं. कार्ड दिलं की मशीन फिरताना बघायला मिळणार, असा सौदा. सव्वा महिन्याने या बाबांचा ऑफिसातून फोन. “मॅम! दिलं! कार्ड दिलं! स्वतःहून, आईच्या हातात!” मागे टाळ्यांचा कडकडाट. पठ्ठ्याने अख्खा मजला उभा केला होता. मीही टेबलावर बसल्या जागी ओरडले, आणि रांगेतलं एक बाळ दचकून रडायला लागलं.

एचएसआर लेआउटचे एक आजोबा थर्मासमधून उंटिणीचं दूध आणायचे. कुणीतरी सांगितलं होतं याने ऑटिझम जातो. नातवाने ते थुंकून टाकलं, तेव्हा वाया नको म्हणून आम्हा सगळ्यांना पाजलं. खारट लागतं, माहितीसाठी सांगते. त्यांना म्हटलं, “आजोबा, दूध म्हणून खुशाल प्या, औषध म्हणून नको.” त्यांनी ऐकलं. सगळे ऐकत नाहीत. अमुक इंजेक्शनाने, तमुक यंत्रात बसवून हमखास बरा करतो, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. लेकरावर काही नवीन करायच्या आधी डॉक्टरला विचारा, आणि ‘हमखास’ म्हणणारा भेटला तर चप्पल घालून चालू लागा. हे मी भांडून सांगायचे. मला फार अभिमान होता, की आपल्या टेबलावरून चुकीचा सल्ला म्हणून जात नाही.

आता माझी फजिती ऐका.

चार्वी नावाची साडेचार वर्षांची मुलगी आमच्याकडे यायची. घर कॉटनपेठेच्या बाजूचं, बेंगळुरूचं जुनं मराठी घर. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज इकडे आले आणि राहिले, त्यांतलं. वडील मंजुनाथ राव, आई शिल्पा, दोघंही नोकरीत. पहिल्या दिवशी दोघं आली, नंतर चार्वीला आणायची आजी. इकडे आजीला अज्जी म्हणतात. रुक्कुबाई नाव. बुटक्या, नाकात दोन्हीकडे चमक्या, काखेत पिशवी. पोरगी आत स्पीच थेरपीला गेली की अज्जी माझ्या टेबलाच्या कडेला बसून अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलायच्या. आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत.

मी पहिल्या दिवशी विचारलं, “अज्जी, कॉफी?” त्यांनी बोटांनी चिमूट दाखवली, म्हणजे साखर कमी. ऑटोवाल्याशीही हातवारे. चार्वीलाही नुसत्या खुणा. मी काय समजायचं ते समजले. मोठ्याने, सावकाश, तोंडाचा चंबू करून बोलायला लागले. मोठ्याने कशाला, ते विचारू नका, बहिऱ्या नव्हत्या त्या. “अज्जी! ऊ-न! फा-र! आ-हे!” असं म्हणत मी कपाळावरचा घाम पुसून दाखवायचे. अज्जी माझ्याकडे टक लावून बघायच्या आणि शेंगा सोलायच्या. फाईलमध्ये मी ऐटीत लिहिलं, ‘आजींना बोलता येत नाही. घरात खुणांचा वापर उत्तम.’ आमची स्पीच थेरपिस्ट जेनिफर म्हणाली, “अक्का, तुमचं अज्जीशी छान जमतं हां.” मी फुगले.

सात-आठ महिने असे गेले. एकदा चार्वी आत होती, अज्जी पाय मोकळे करायला म्हणून खाली गेल्या होत्या, आणि मला शहाळं प्यायची हुक्की आली. फाटकाशी शहाळेवाला अण्णा बसतो. मी जिन्यावरूनच ऐकलं, बाहेर कुणीतरी बाई तोफ डागत होती. “मलई पाहिजे म्हटलं तर पाणी देतोस, पाणी पाहिजे म्हटलं तर मलई! तुझ्या बापाच्या हातचं खाल्लंय मी, तो सुरी मारायच्या आधी नारळाला कान लावायचा. तू काय करतोस? मोबाइलला कान!” अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मधे श्वास घ्यायला जागा नाही. फाटकाबाहेर येऊन बघते तर रुक्कुबाई!

माझ्या तोंडून गेलं, “अज्जी! तुम्हाला बोलता येतं?”

अज्जी वळल्या. “का गे? तुला येत नाही होय?”

शहाळेवाला हसून हसून खाली बसला. मीही हसायला लागले, अज्जीही हसल्या, शहाळ्याचं पाणी माझ्या पदरावर सांडलं. पोट दुखेपर्यंत हसून झालं आणि मग मी विचारलं, “अहो, मग वर गप्प का बसता?”

“वरच्या भिंती फळीच्या. आवाज आत पोरीला गेला तर?” अज्जींनी पदराने तोंड पुसलं. “तुमच्याच कागदात आहे की. पोरीसमोर एकच भाषा बोलायची. मंजूनं फ्रिजवर चिकटवलाय. दोघांनी ठरवलं, इंग्लिश. शाळा इंग्लिश ना. मला इंग्लिश कुठलं येतंय? सरी, म्हटलं. मी तोंडच बंद केलं.”

“घरात सुद्धा?”

“घरातच की! पोरगी झोपली की बाल्कनीत जाऊन शेजारणीशी बोलून घेते. पण आता साकू, पुरे झालं, अक्का. आधी ही माझ्या मागं मागं असायची. मी भाजी चिरताना बडबडायचे, ही पायाशी बसून मान डोलवायची. अप्पे म्हणायची, ये म्हणायची, दोन-चार शब्द होते तिचे. आता मी खोलीत आले तरी तिला काही नाही. तोंड उघडलं तर पोरीचं वाटोळं, मिटलं तर ही अशी. रविवारी होसूरला लेकीकडे जाते. कायमची. मंजूला सांगितलंय, लिहून.”

तो कागद माझा होता.

पूर्वी सगळीकडे हेच सांगायचे, की अशा मुलांसमोर एकच भाषा बोला, दोन झाल्या की ती गोंधळतात. आमच्याही गुलाबी कागदावर ते छापलेलं होतं. मग जेनिफर नवीन शिकून आली आणि म्हणाली की तसं काही नाही, दोन भाषांनी मुलाचं नुकसान होत नाही. ज्या माणसाला जी भाषा मनापासून येते त्याने त्याच भाषेत लेकराशी बोलावं. मॅडमनी नवे पांढरे कागद छापून घेतले आणि मला म्हणाल्या, “सुनंदा, जुने टाकून दे.” टाकून दे! चांगला जाडजूड कागद, हा एवढा गठ्ठा. आमच्या निपाणीच्या घरात लग्नपत्रिकेच्या पाठीवर वाणसामानाची यादी लिहितात. मी म्हटलं, एक ओळ तर चुकीची आहे, ती पेनने खोडते आणि गठ्ठा संपवते. मन लावून खोडत होते मी. पण गर्दीच्या दिवशी फोन, रडणारी पोरं, सही, शिक्का यात कधी ओळ खोडायची राहिली, मला कसं कळणार? ज्यांच्या घरी तो कागद गेला त्यांना कळलं. दुसऱ्यांच्या ‘हमखास’वर तोंड सोडणारी मी, आणि माझ्याच हाताने एका घरातल्या म्हातारीचं तोंड बंद केलं होतं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या, रास्तच होतं. म्हणाल्या, “उद्या शनिवार. सगळ्यांना बोलाव आणि तू स्वतः सांग.”

शनिवारी मंजुनाथ, शिल्पा, अज्जी आणि चार्वी आली. जेनिफर होती, मी होते. चार्वी सरळ टेबलाखाली गेली आणि स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर फिरवायला लागली. मी हात जोडून सगळं सांगितलं, गठ्ठ्यासकट. मंजुनाथचा चेहरा उतरला. “अक्का, आम्ही घरात एकमेकांशी पण इंग्लिशच बोलायला लागलो होतो. भांडताना सुद्धा. धड भांडता येत नव्हतं.” शिल्पा हसायला गेली आणि रडली. ती सासूबाईंना म्हणाली, “अत्ते, आम्ही तुम्हाला एकदा तरी विचारायला हवं होतं.”

अज्जी काही बोलल्या नाहीत. पोरगी खोलीत होती ना! त्यांनी बोट टेबलाखाली दाखवलं आणि ओठ मिटून घेतले. मंजुनाथ म्हणाला, “आई, बोल. आता चालतंय.” अज्जींनी मान हलवली. जेनिफर म्हणाली, “अज्जी, मातनाडी, बोला, काही होत नाही.” नाही म्हणजे नाही. आठ महिने कागदावर विश्वास ठेवून पाळलेलं ते व्रत, आमच्या तोंडच्या शब्दावर कशाला मोडतील? मी वाकून त्यांचे पाय धरले. “अज्जी, चूक माझी होती. हवं तर मला शिव्या द्या, पण बोला.”

अज्जींनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा बांध फुटला.

“शिव्या देऊ? देते! कागद वाचवलीस होय गे? कागद! शंभर कागद चुलीत घालायचे होते, माझं तोंड कशाला घातलीस? आठ महिने मी डाळीला फोडणी दिली तरी मुक्यानं दिली! पोरगी पडली तर ‘अय्यो’ म्हणायला तोंड उघडलं आणि हातानं झाकून घेतलं! आणि वर तू मला घाम पुसून दाखवतेस, ऊ-न फा-र आ-हे! मला दिसत नव्हतं ऊन?”

खोलीत सगळ्यांना हसू आवरेना. मलाही, शिव्या खाताना. आणि टेबलाखालचं झाकण थांबलं.

चार्वी बाहेर आली. आमच्यापैकी कुणाकडे तिने बघितलं नाही. ती अज्जींच्या मांडीवर चढली, पाठ करून बसली आणि डोकं मागे अज्जींच्या छातीवर टेकलं, जिथे आवाज घुमतो तिथे. अज्जी दचकून थांबल्या.

तेव्हा चार्वीने दोन्ही हातांची बोटं जुळवली आणि टोकं एकमेकांवर आपटली. ही ‘आणखी’ची खूण. जेनिफर चार महिने बिस्किटं हातात घेऊन ती शिकवत होती आणि चार्वीने तिला एकदाही दाद दिली नव्हती. जेनिफरने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

“आता काय बोलू?” अज्जी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. “शिव्या संपल्या की माझ्या.”

“नव्या काढा!” मी म्हटलं. “मी पात्र आहे!”

मग काय! माझं नाक, माझी साडी, माझी निपाणी, माझी केंद्रातली कॉफी, सगळ्याचा उद्धार झाला. अज्जी दमून थांबल्या की पोरगी बोटं आपटायची, ‘आणखी’. शिल्पा डोळे पुसत होती. आणि त्याच सुरात, शिवीचा ताल न मोडता अज्जी लेकाकडे वळल्या. “आणि तू काय बघत बसलास दगडासारखा? होसूरला फोन लाव. बहिणीला सांग, तुझी आई येत नाही. तिला म्हणावं, इथं एका बाईला शिव्या द्यायचं काम मिळालंय, पुढची दहा वर्षं सुट्टी नाही!”

मंजुनाथ बाहेर जाऊन फोन लावायला उठला तो चौकटीला धडकला. मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले आणि हसले, दोन्ही एकदम.

सोमवारी मी जुन्या फायली काढल्या. गुलाबी कागदाच्या दिवसांत ज्यांना ज्यांना तो दिला होता, त्या सगळ्या घरांना फोन करायचा होता. रुक्कुबाईंना कुठून कळलं देव जाणे. चार्वीला आत सोडून त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. “तुझं कोण ऐकणार? तू कागदवाली. घरात म्हातारी असली तर मला दे.” मॅडम हो म्हणाल्या. मी आधी चूक कबूल करायचे, मग विचारायचे, “आमच्याकडे एक अज्जी आहेत, तुमच्या सासूबाईंशी बोलल्या तर चालेल का?” आणि मग फोन त्यांच्या हातात. “बोल गे बाई,” त्या पलीकडच्या तमिळ, तेलुगू, कन्नड, कुठल्याही म्हातारीला मोडक्यातोडक्या भाषेत सांगायच्या, “बोल, भांड, गाणं म्हण, काही धाड भरत नाही!” पुष्कळ घरी तो कागद कुणी वाचलाच नव्हता. एका आजोबांनी तर वाचून फाडला होता. आम्ही त्यांचं टाळ्या वाजवून अभिनंदन केलं.

चौथ्या दिवशी एका घरी सुनेने फोन उचलला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सासूबाई फेब्रुवारीत गेल्या, मॅडम. शेवटी शेवटी त्या माझ्या मुलाला नुसत्या बघत बसायच्या. मीच त्यांना बोलू नका म्हणायचे.”

रुक्कुबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. त्यांनी काही सांगितलं नाही. पलीकडे ती बाई रडत होती, बोलत होती, पुन्हा रडत होती, आणि या नुसत्या “हूं, हूं बाळा” म्हणत होत्या. चार्वीचा तास संपला, ती बाहेर येऊन त्यांच्या मांडीवर बसली, तरी फोन चालूच होता. मग पलीकडून ठेवला गेला.

अज्जींनी फोन टेबलावर ठेवला, चार्वीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फाईल माझ्याकडे सरकवली.

“पुढचा नंबर लाव, सुनंदा. तिथं कोणतरी असेल अजून.”